मायचा खुबा

आमच्या बायांच्या कमरेवर महाराष्ट्राने किती लावण्या ऐकल्या त्याचा हिशेब नाही. ठुमका आला की शिट्टी, शिट्टी आली की नोट. पण त्याच कमरेखाली एक सांधा असतो. तो झिजतो. रात्री कूस बदलू देत नाही. त्याच्यावर किती ओळी आल्या? म्हणून दोस्तहो, या खेपेला कविता पाठवत नाही. मायच्या खुब्यावर लिहितोय. ज्याला हा साहित्याचा विषय वाटत नाही त्याने खुशाल पान उलटावं.

मी रिंग फ्रेमवर आहे. हिंगणघाटकडच्या एका सूतगिरणीत, ठेकेदाराच्या हजेरीवर. माय पऱ्हाटीत. ती कापूस वेचते, मी त्याचं सूत करतो. दोघांची रोजी पायावर. लोकांना वाटतं कापूस हाताने वेचतात आणि धागा बोटांनी सांधतात. खरं आहे. पण हाताला कामापर्यंत नेतो तो पाय. तास धरून वाकत वाकत पुढे सरकायचं, ओटी भरत जायची, जड झाली की धुऱ्यावर रिकामी करायची, पुन्हा तास. मजुरी किलोवर. पाय थांबला की पैसा थांबला. माझंही तेच. दोन फ्रेमींच्या मधल्या बोळातून जा-ये, जा-ये. धागा तुटला की सांध, पुढे चल. एकदा मोबाईलवर मोजलं, एका पाळीत अकरा किलोमीटर भरले. अकरा किलोमीटर चालून माणूस कुठेतरी पोचतो. मी त्याच बोळात असतो.

२०२२ च्या वेचणीत मायचा उजवा पाय कुरकुरायला लागला. म्हणाली, "गुडघा दुखते रे बापू." दवाखान्यात नेली. गुडघ्याचा फोटो काढला. गुडघा साफ. इंजेक्शन, गोळ्या, आठ दिवस बरं, पुन्हा तेच. दुसरा दवाखाना. पुन्हा गुडघा, पुन्हा इंजेक्शन. वर सगळ्यांचा सल्ला एकच: वय झालं, आता बसून राहा. वय किती? बावन्न. आणि बसून राहा म्हणणाऱ्यांपैकी एकानेही आमचा आठवड्याचा किराणा भरून दिला नाही.

खरी गोष्ट मागाहून कळली. दुखत होतं जांघेत. पण परक्या पुरुषासमोर, वर पोटचा पोरगा शेजारी उभा, अशात माय जांघ हा शब्द तोंडातून काढेल काय? गुडघा इज्जतदार अवयव आहे. त्याचं नाव चारचौघांत घेता येतं. त्यात शरीराचीही एक खोड आहे. खुब्याला आणि गुडघ्याला जाणाऱ्या काही नसा एकच आहेत. त्यामुळे खुबा बिघडला की कळ पुष्कळदा गुडघ्यात उतरते. म्हणजे माय खोटं बोलत नव्हती. अर्धं नस बोलत होती, अर्धं लाज गिळत होती.

२०२३ च्या पावसाळ्यात निंदणाच्या वेळी टोळीची मुकादमीणबाई म्हणाली, "बाई, तुह्या पायानं सारी टोळी मागं राह्यते. यंदा घरीच राय." ती काही वाईट बाई नाही. तिलाही मालकाला जबाब द्यावा लागतो. पण त्या रात्री माय जेवली नाही. दुखण्याने कधी रडली नव्हती. त्या रात्री भिंतीकडे तोंड करून रडली.

मग सरकारी दवाखान्यात गेलो. तिथं एक व्यायामवाली बाई भेटली. फिजिओथेरपी म्हणतात त्याला. तिने मला बाहेर बसवलं आणि मायला विचारलं, "आई, जांघेत दुखतं का?" बाईने बाईला विचारलं म्हणून उत्तर आलं. मग मायला निजवून, गुडघा दुमडून, पाय आतल्या अंगाला फिरवला. माय केकाटली, ते मला बाहेर ऐकू आलं. मग मला आत बोलावलं. मायला उजव्या पायावर उभं केलं, डावा उचलायला लावला. डाव्या बाजूची कंबर खाली लोंबली. बाई म्हणाली, बघ. ढुंगणाच्या बाजूला जो स्नायू असतो तो कंबर तोलून धरतो. तो दुबळा झाला की कंबर अशी दुसऱ्या बाजूला पडते. मग माणूस पडू नये म्हणून अंग झोकत चालतो. आपण म्हणतो लंगडते. त्रेंडेलेनबुर्ग नावाच्या जर्मन सर्जनने १८९५ साली हे लिहून ठेवलंय. आज त्या खुणेला त्याचंच नाव आहे. नाव म्हणताना माझी जीभ वळत नव्हती, पण अर्थ लगेच कळला. फ्रेमचा एक पाया खचला की सारी फ्रेम थरथरते.

या वेळी फोटो खुब्याचा काढला. आता खुबा म्हणजे काय ते साफ सांगतो, कारण आपण कमरेपासून मांडीपर्यंत सगळ्यालाच कंबर म्हणतो आणि सगळ्याला एकच मलम चोळतो. मांडीच्या हाडाचं वरचं टोक चेंडूसारखं गोल असतं. वरच्या हाडात वाटीसारखा खळगा असतो. चेंडू वाटीत फिरतो. दोघांवर गुळगुळीत चिवट थर असतो, त्याला कूर्चा म्हणतात. मधे थोडंसं वंगण. मायच्या फोटोत चेंडू आणि वाटी यांच्यातली फट एका बाजूला अरुंद झाली होती. कूर्चा झिजलेली. आणि या सांध्यावर भार किती? साधं चालताना दर पावलाला अंगाच्या वजनाच्या सुमारे अडीचपट. कारण नुसतं वजन नसतं, तोल धरणारा स्नायूही हाडाला ओढत असतो. माय ४८ किलो. म्हणजे दर पावलाला एकशेवीस. डोक्यावर कापसाचं गाठोडं आलं की आणखी.

बाई म्हणाली, हळू हळू हलवायचं. बसून राहायचं नाही.

तेव्हा मायने जे विचारलं ते मी जन्मभर विसरणार नाही. म्हणाली, "मी तं चाळीस वर्सापासून हालूनच रायली. मंग हा झिजला काहून?"

दोस्तहो, या प्रश्नात सगळं आहे. पुस्तकं म्हणतात हालचाल करा, निरोगी राहा. ज्याने आयुष्यभर हालचालच विकली त्याला हे सांगायचं कसं?

बाई थांबली. मग म्हणाली, "आई, ते काम होतं. व्यायाम नव्हता." आणि समजावून सांगितलं. ते मी माझ्या भाषेत सांगतो.

कूर्चेत रक्ताची नळी जात नाही. तिला अन्न मिळतं ते सांध्यातल्या वंगणातून. ओलं फडकं पिळलं की पाणी बाहेर, सोडलं की पाणी आत, तसं. पाय हलला, भार पडला, की कूर्चा दबते. भार सुटला की ती वंगण शोषते. गिरणीत मशीनला तेल द्यायला माणूस येतो. सांध्याला बाहेरून तेल देता येत नाही. तो आपलं तेल आपण करतो, आणि हलला तरच ते सगळीकडे पोचतं. म्हणून गप्प पडून राहिलं की सांधा ताठरतो, बाजूचे स्नायू वाळतात, वाळले की कंबर तोलली जात नाही, तोल गेला की आणखी दुखतं, दुखलं की माणूस आणखी पडून राहतो. हे चक्र.

पण दाबलं आणि सोडलंच नाही तर? तास न् तास उकिडवं बसून निंदलं, दिवसभर वाकून वेचलं, वर ओझं, तर फडकं नुसतं पिळलंच जातं. पाणी आत शिरायला फुरसत कुठे? शिवाय खुबा सहा रीतीने हलतो. पुढे, मागे, बाहेर, आत, आणि दोन्ही अंगांना गरगर. मजुरीला त्यातली एकच लागते, पुढे वाकणं. बाकीच्या पाच गंजतात. पाय मागे जाणं हे तर चालण्यातलं निम्मं काम. पाय मागे गेला नाही तर पाऊल आखूड पडतं. म्हणून आमच्या म्हाताऱ्या तुरुतुरु चालतात. आम्हाला वाटतं ती त्यांची चालच आहे. ती चाल नाही, तो कामाचा शिक्का आहे.

अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या शेतांत असंच होतं. तिथल्या मजुरांना, बहुतेक मेक्सिकन वंशाच्या, आखूड दांड्याची कुदळ देत. लांब दांड्याची देता आली असती. पण मुकादमाला आखूड सोयीची, कारण ती धरली की माणूस कमरेत वाकलेलाच पाहिजे. जो सरळ दिसला तो काम करत नाही, लांबूनच ओळखू येतं. पाठी मोडल्या लोकांच्या. लढून, कोर्टात जाऊन १९७५ साली ती कुदळ बंद पाडली. सरळ उभं राहण्यासाठी तिथल्या माणसालाही कोर्टात जावं लागलं.

म्हणून सांगतो, मेहनत वेगळी आणि हालचाल वेगळी. मेहनतीत वेग दुसऱ्याचा असतो. मशीनचा, मुकादमाचा, किलोचा. हालचालीत वेग आपला. दुखलं की थांबायचा हक्क आपला. खुब्याला जो फरक कळतो तो एवढाच आहे.

आता काय काय केलं ते लिहितो. कोणाच्या घरी कामी येईल.

जमिनीवर उतरणं जड, म्हणून खाटेवर फळी टाकून वर चादर. पाठीवर निजायचं. दुखऱ्या पायाची टाच घासत घासत ढुंगणाकडे आणायची, पुन्हा सरळ. दहा वेळा. मग दोन्ही गुडघे दुमडून जरा डावीकडे, जरा उजवीकडे झुलवायचे, पाळण्यासारखे. मग दोन्ही पाय रोवून ढुंगण वर उचलायचं, पाचापर्यंत मोजायचं, सावकाश खाली. पाय मागे नेणारा स्नायू याने जागा होतो. मग दाराची चौकट धरून उभं राहायचं. अंग न झुकवता पाय बाजूला उचलायचा. मग मागे. थोडाच, वीतभर. दोन्ही पायांनी. शेवटी उंच खाटेवरून हातांचा टेका कमी कमी करत उठायचं, बसायचं. सकाळ-संध्याकाळ. आणि रोज थोडं सपाट रस्त्यावर चालायचं.

मायला मोजता येतं, पण दुखण्यात मोजणी चुकते. मी गिरणीतून फुटक्या, फेकायला काढलेल्या दहा बॉबिन विचारून आणल्या. एक वेळा झालं की एक बॉबिन इकडून तिकडे. ज्या बॉबिनवर मालकाचं सूत भरतं त्या आमच्या घरी मायचा पाय मोजू लागल्या.

नियम एकच. करताना थोडं दुखलं तर चालेल. पण दुसऱ्या सकाळपर्यंत ते उतरलं पाहिजे. नाही उतरलं तर उद्या कमी करायचं, बंद नाही करायचं. काही दिवस उकिडवं बसणं आणि मांडी घालणं टाळायचं. आणि काठी. काठी दुखऱ्या बाजूला धरतात लोक, तशी नाही. उजवा खुबा दुखतो तर काठी डाव्या हातात. उजव्या पायावर भार येतो तेव्हा डावीकडे लोंबणारी कंबर काठी खालून उचलून धरते, दुबळ्या स्नायूला कमी ओढावं लागतं, म्हणून खुब्यावरचा भार उतरतो. मायला हे पटेना. "दुखते इकडं अन् काठी तिकडं?" दहा पावलं चालली आणि गप्प झाली.

पहिले पंधरा दिवस काही नाही. वस्तीतल्या बाया दारात येऊन हसायच्या, "म्हातारी नाचून रायली वं." तिसऱ्या आठवड्यात माय रात्री कूस बदलून झोपली, उठली नाही. आमच्या दारापासून निळ्या झेंड्यापर्यंत जाताना ती तीनदा थांबायची. दिवाळीपर्यंत एकदा. डिसेंबरात न थांबता गेली. त्या वेचणीला अर्ध्या दिवसाच्या बोलीवर टोळीत परत गेली. किलो कमी भरले, पण भरले. नंतर फोटो काढला तर खुबा होता तसाच. कूर्चा काही परत उगवली नाही. बदल फोटोत नव्हता, चालण्यात होता.

चमत्कार विकणारे पुष्कळ आहेत, मी त्यातला नाही. २०१४ साली कॉक्रेन संस्थेने खुब्याच्या झिजेवर व्यायामाच्या दहा चाचण्या एकत्र करून तपासल्या. दुखणं शंभरात सुमारे आठ गुणांनी कमी झालं, कामकाज सुमारे सात गुणांनी सुधारलं. आठ. गादीवर बसलेला म्हणेल, आठच? पण ज्याची मजुरी पावलावर आहे त्याला विचारा. आठ गुण म्हणजे झेंड्यापर्यंतचा एक थांबा कमी. टोळीत जागा. आणि सांधा पूर्णच खलास झाला तर ऑपरेशन आहे. इंग्लंडात जॉन चार्नलीने १९६२ साली धातूचा चेंडू आणि प्लास्टिकची वाटी बसवली, आज सगळीकडे होतात तशा शस्त्रक्रिया त्या वाटेने आल्या. त्या ऑपरेशननंतरही व्यायाम करावाच लागतो.

एक गोष्ट मात्र कान देऊन ऐका. खुबा दुखतो म्हणजे दर वेळी झीज नसते. माझा मामेभाऊ, चंद्रपूरकडचा, तेवीस वर्षांचा. पडला नाही, झडला नाही, आणि लंगडायला लागला. कोणी म्हणे वात, कोणी म्हणे करणी. रक्त तपासलं तर सिकलसेल. विदर्भात आपल्या लोकांत आणि आदिवासींत हा आजार जास्त आहे, आईबापाकडून येतो. रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नळ्यांत अडकतात. मांडीच्या हाडाच्या चेंडूला आधीच रक्त कमी, ते बंद पडलं की चेंडू आतून मरतो. मायच्या हातात विळा होता, त्याच्या रक्तात निघाला. सतत दारूने किंवा महिनोन्‌महिने घेतलेल्या स्टेरॉइडनेही चेंडू असाच मरतो. अशा पायावर माझा हा लेख वाचून कोणी व्यायाम करू नये, आधी डॉक्टर. सिकलसेलची मोहीम केंद्र सरकारने १ जुलै २०२३ ला सुरू केली. लग्नाआधी पत्रिका बघणाऱ्यांची नक्कल करण्यापेक्षा आपण रक्त बघावं. तसंच पडल्यावर पाय टेकता येत नसेल, सांधेदुखीसोबत ताप असेल, पडल्या जागी रात्रीही कळ थांबत नसेल, लहान पोर लंगडत असेल, तर घरी बॉबिन मोजत बसायचं नाही. तडक दवाखाना.

आणि दवाखान्यात जांघ म्हणायला शिका. माय म्हणाली असती तर एक वर्ष वाचलं असतं, हे मी तिला कधी बोललो नाही आणि बोलणारही नाही. ज्या अवयवाचं नाव घ्यायला बाईला लाज वाटावी अशी शिकवण तिने केली नव्हती. पण बहिणीला, वहिनीला, शेजारच्या काकीला आपण सांगू शकतो. सोबत एक बाई न्या. दुखते ती जागा बोटाने दाखवा. गुडघ्याचा फोटो साफ निघाला आणि दुखणं तसंच असेल तर विचारा, वरचा सांधा बघितला का?

मीही आता पाळी सुटली की गेटबाहेर चौकट नाही म्हणून विजेच्या खांबाला धरून पाय मागे नेतो, बाजूला नेतो. पोट्टे हसतात. हसू देत. सव्वीसाव्या वर्षीच माझं पाऊल आखूड पडायला लागलंय. त्या बोळात पाय एकाच दिशेला जातो.

संध्याकाळी आमच्या अंगणात आता पाच-सहा बाया येतात. ज्या हसत होत्या त्यातल्याच तिघी आहेत. एकीची टाच, एकीचा गुडघा, दोघींचे खुबे. भिंतीला हात टेकून रांगेत उभ्या राहतात. नव्या बाईला सवयीने घाई होते, दणादण पाय उचलते, दुसरीच्या पुढे जायला बघते. माय तिच्या मांडीवर हात ठेवते आणि म्हणते, "हळू वं बाई, हळू. इथं मुकादम नाई."